कोणता चांगदेव?

चाळीसगावहून दक्षिणेला गौताळ्याच्या डोंगरांकडे निघाले की थोड्याच वेळात पाटणादेवीचे खोरे लागते. पावसाळ्यानंतर तिथे गेले तर हिरव्या डोंगरांच्या कुशीतले ते काळ्या दगडाचे देऊळ विसरणे अवघड. भाविक चंडिकेच्या दर्शनाला येतात, सहलीची पोरे धबधब्याकडे जातात. मला मात्र पाटणचे नाव काढले की आठवतो तो इथला शिलालेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली विद्वानांपुढे आणला. शके ११२८ चा हा लेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’सारख्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. दानाच्या तपशिलावर आला की हा लेख संस्कृत सोडून मराठीत उतरतो.

लेखात घराण्याची वंशावळ आहे. त्रिविक्रम, त्याचा मुलगा भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, महेश्वराचे पुत्र भास्कराचार्य, त्यांचा लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचा चांगदेव. नऊ पिढ्यांच्या या माळेत ‘भास्कर’ दोनदा येतो. पहिल्या भास्कराला भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिली, असे लेख म्हणतो. त्याच्यानंतर पाचव्या पिढीत जन्मले ते ‘लीलावती’चे कर्ते. आपण एका भास्कराचे नाव शाळेत शिकतो. पाटणचा दगड मात्र एकाच घरातले दोन भास्कर शेजारी ठेवतो, आणि एकाचे श्रेय दुसऱ्याला जाऊ देत नाही. विद्यापती तो वेगळा, गणिती तो वेगळा.

त्या दगडाची ही शिस्त आज आपण गमावत चाललो आहोत, असे मला वाटते. नावे सारखी असणे हा दोष नव्हे. सारख्या नावाची माणसे एकमेकांत मिसळू देणे हा मात्र अन्याय आहे, आणि त्याचा फटका बहुतेक वेळा दोघांपैकी कमी प्रसिद्ध असलेल्याला बसतो. खान्देशइतकी या गोष्टीची उदाहरणे एका जागी क्वचितच सापडतील. म्हणून हा विषय इथूनच मांडायचा आहे.

आधी नावे सारखी का होतात ते पाहू. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे. आजोबा गेले आणि घरात मुलगा जन्मला तर आजीच्या डोळ्यांत पाणी येते आणि पाळण्यातल्या नावाचा प्रश्नच उरत नाही. भास्कराचार्यांच्या कुळातही असे काही असावे. गिरणाकाठच्या बहाळ गावातला, शके ११४४ चा दुसरा एक शिलालेख भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांच्या शाखेचा आहे. श्रीपतींचा नातू अनंतदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने बांधलेल्या देवळाचा तो लेख रचला अनंतदेवाच्या धाकट्या भावाने, आणि त्याचे नाव महेश्वर. म्हणजे पणजोबांचेच नाव. चाळीसगाव तालुक्यातल्या दोन दगडांवर एकाच घराण्याची नावे अशी पुन्हा पुन्हा फिरून येतात.

प्राचीन ग्रीसमध्येही थोरल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव देण्याची रीत रूढ होती. त्यामुळे एका शहरात एकाच नावाची पाचपन्नास माणसे सहज असत. अथेन्सने यावर जो तोडगा काढला तो आपल्या फार जवळचा आहे. इसवी सनापूर्वी ५०८-०७ च्या सुमारास क्लेइस्थेनीसने नागरिकांची गाववार विभागणी केली. तेव्हापासून माणसाची पूर्ण ओळख तीन गोष्टींनी सांगितली जाऊ लागली: स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गाव. पेरिक्लीस, झांथिप्पसचा, खोलार्गसचा. आपण नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव लिहितो. त्यातली कितीतरी आडनावे ‘कर’ने संपणारी, म्हणजे मुळात गावाचीच. अडीच हजार वर्षांच्या आणि हजारो कोसांच्या अंतरावरच्या दोन समाजांना एकच उत्तर सापडले, कारण प्रश्न एकच होता. पाटणच्या लेखाचेही तेच उत्तर आहे: हा कोणाचा, तो कोणाचा.

ग्रीकांनी याच्याही पुढे एक पाऊल टाकले. सिसेरोच्या काळात मॅग्नेशियाचा डेमेट्रियस नावाचा विद्वान होऊन गेला. त्याने सारख्या नावाच्या कवींचा आणि लेखकांचा एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ग्रंथ आज नष्ट झाला आहे. पण तिसऱ्या शतकातल्या डायोजिनीस लेर्शियसने तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिताना तो पुढ्यात ठेवला होता. म्हणून त्याची अनेक चरित्रे एका वेगळ्याच परिशिष्टाने संपतात: या नावाचे आणखी कोण कोण होऊन गेले. थेलिसचे चरित्र संपताना तो डेमेट्रियसच्या आधाराने आणखी पाच थेलिस मोजतो. थिओडोरस नावाची वीस माणसे असल्याचे सांगतो. तत्त्वज्ञाची मते सांगून झाल्यावर त्याच नावाच्या वक्त्याला, चित्रकाराला, कवीला दोन ओळी द्यायच्या. या दोन ओळींमागचा न्यायभाव मला मोलाचा वाटतो. मोठ्या माणसाच्या सावलीत उभ्या असलेल्यांना तो हाताला धरून उजेडात आणतो.

हे परिशिष्ट किती गरजेचे होते, ते युक्लिडच्या उदाहरणावरून कळते. भूमिती लिहिणारा युक्लिड अलेक्झांड्रियाचा. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी मेगारा गावात सॉक्रेटिसचा शिष्य असलेला दुसरा युक्लिड होऊन गेला. मध्ययुगात दोघे एक झाले. छापखाना आल्यावरही युरोपात भूमितीच्या पुस्तकांवर ‘मेगाराचा युक्लिड’ असे छापले जात होते. १५७२ साली फेदेरिको कोमांदिनोने आपल्या भाषांतरात ही चूक स्पष्ट केली. शतकानुशतके एक तत्त्वज्ञ भूमितीकार म्हणून ओळखला गेला. त्याचे स्वतःचे तत्त्वज्ञान त्या काळात कोणाच्या नावावर होते, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

आता आपल्याकडे वळू. ‘भास्कराचार्य’ म्हटले की आपल्या मनात ‘लीलावती’ येते. पण त्यांच्या पाचशे वर्षे आधी, सातव्या शतकात, याच नावाचा दुसरा थोर गणिती होऊन गेला. त्याने इसवी सन ६२९ मध्ये ‘आर्यभटीया’वर भाष्य लिहिले, ‘महाभास्करीय’ आणि ‘लघुभास्करीय’ हे ग्रंथ रचले, आणि कोष्टकाची मदत न घेता कोनाची ज्या काढण्याचे एक विलक्षण अचूक सूत्र दिले. विभूतिभूषण दत्त यांनी १९३० साली या दोन भास्करांवर स्वतंत्र लेख लिहिला, आणि पुढे ‘पहिला भास्कर’, ‘दुसरा भास्कर’ अशी ओळख रुळली. भारताने १९७९ आणि १९८१ साली ‘भास्कर’ नावाचे दोन उपग्रह सोडले. दोन भास्करांना दोन उपग्रह मिळाले. तरीही शाळेच्या भिंतीवरच्या चित्राखाली पहिल्याचे सूत्र दुसऱ्याच्या नावावर लिहिलेले मी पाहिले आहे.

दोघांतला एक फरक बोलका आहे. भास्कराचार्यांनी आपली ओळख स्वतः लिहून ठेवली: जन्म शके १०३६, गोत्र शांडिल्य, वडील महेश्वर, गाव सह्य पर्वताजवळचे विज्जडविड, आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. हे विज्जडविड म्हणजे नेमके कोणते गाव, यावर विद्वान अजून वाद घालतात आणि पाटणचा दावा त्यात ठामपणे उभा आहे. पण वाद घालायला तरी जागा आहे, कारण त्यांनी बाप आणि गाव सांगितले. पहिल्या भास्कराने भाष्याचा काळ सांगितला, पण घराची ओळख अशी ठेवली नाही. तो अश्मकातला की सौराष्ट्रातला, याची जुळणी ग्रंथातल्या उल्लेखांवरून करावी लागते. ज्याने आपला पत्ता लिहिला तो टिकला, आणि ज्याने लिहिला नाही त्याच्या घरात दुसरा राहायला आला.

पाटणच्या लेखातला पहिला पुरुष त्रिविक्रम हाही असाच एक कसोटीचा प्रश्न आहे. लेख त्याला कवींचा चक्रवर्ती म्हणतो. ‘नलचंपू’चा कर्ता त्रिविक्रमभट्ट हाही मोठा कवी आणि त्याचेही गोत्र शांडिल्य. नाव, गोत्र, कवित्व, तिन्ही जुळतात. दोघे एकच, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि काहींना तो झालाही. पण थोडे गणित मांडू. नलचंपूकार त्रिविक्रमाने रचलेले राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचे ताम्रपट इसवी सन ९१५ चे आहेत. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. भास्करभट्ट त्यांच्या पाच पिढ्या आधीचा. पिढीला पंचवीस वर्षे धरली तर त्याचा जन्म ९९० च्या आसपास जातो. धारच्या भोज परमाराने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य केले, त्याच्याशी हे नीट बसते. मग त्याचा बाप त्रिविक्रम ९१५ साली राजदरबारचा प्रौढ कवी असणे जुळवायला अवघड जाते. भोजही एकटा नाही. नवव्या शतकातला प्रतिहार मिहिरभोज वेगळा. नाव जुळले, गोत्र जुळले, एवढ्यावर निवाडा करता येत नाही, हे या एका उदाहरणात दिसते. पिढ्या मोजाव्या लागतात.

आणि आता चांगदेव. पाटणचा चांगदेव ज्योतिषी होता, आजोबांच्या ग्रंथांसाठी विद्यापीठ उभारणारा नातू. त्याच जळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मुक्ताईनगर तालुक्यात, तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे, तिथे चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे. हा चांगदेव योगी. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघालेला. तिसरा चांगदेव म्हणजे महानुभावांच्या पंचकृष्णांतले चांगदेव राऊळ, चक्रधरस्वामींच्या गुरुपरंपरेतले. ज्योतिषी, योगी आणि महानुभावांचे राऊळ, तिघेही यादवकाळाच्या आगेमागे शंभर-दीडशे वर्षांत. चौथा चांगदेव आपल्या काळातला: यावल तालुक्यातल्या सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील. खान्देशच्या मातीतून नायक उभा करताना लेखकाला हेच नाव सुचले, यात नवल नाही. हे नाव इथल्या नदीकाठचे आहे.

चौदाशे वर्षांच्या आयुष्याची कथा आपण चमत्कार म्हणून ऐकतो. भक्ताच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण लोकस्मृती कशी चालते याचा विचार करताना मला वाटते, की एकाच नावाची अनेक माणसे एकमेकांत विरघळली की त्या नावाचे आयुष्य वाढत जाते. एक चांगदेव गेला, दुसरा आला, तिसरा आला. सांगणाऱ्याला नाव तेवढे एकच ऐकू आले. मग या सगळ्यांच्या पिढ्या एका देहात साठतात आणि तो देह चौदाशे वर्षांचा होतो. ही माझी अटकळ आहे, पुरावा नव्हे. पण परंपरेतल्या अतिदीर्घ आयुष्यांकडे या नजरेने पाहिले तर त्यात भाबडेपणापेक्षा वेगळे काही दिसते: लोकांनी माणसे विसरली, नाव विसरू दिले नाही.

याच योग्याच्या कथेत एक प्रसंग आहे, तो मला या साऱ्या विषयाचे मर्म वाटतो. चांगदेवाला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचे होते. मायना काय लिहावा, ते सुचेना. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून ‘तीर्थरूप’? शेवटी त्याने कोरा कागद पाठवला. उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी ‘चांगदेव पासष्टी’ लिहिली, आणि पुढे मुक्ताबाई त्याची गुरू झाली. समोरचा माणूस नेमका कोण, हे ठरवल्याशिवाय त्याच्याशी बोलताही येत नाही, हे त्या कोऱ्या कागदावर उमटले आहे. आपण मात्र आज न थांबता मायना लिहून मोकळे होतो, आणि पत्र भलत्याच्या घरी जाते.

इथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो वारकरी मनातूनच येईल. अभंग कोणी लिहिला याला महत्त्व कशाला? संतांनी तर अहंकार सोडायला सांगितला. ओवी गोड लागली, चित्त शांत झाले, काम झाले. कर्त्याच्या नावाचा हट्ट हा विद्वानांचा रोग.

या आक्षेपाचा मी आदर करतो, पण तो संतांच्या स्वतःच्या वागण्याशी जुळत नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात आपली मुद्रा घालण्याची शिस्त संतांनीच पाळली. आणि नामदेवाच्या बाबतीत तर ही शिस्त आणखी पुढे गेली. शिंपी कुळात जन्मलेले, ज्ञानेश्वरांचे सोबती असलेले नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले. सोळाव्या शतकात दुसरा एक ‘नामा’ झाला, महाभारतावर ओवीबद्ध रचना करणारा. त्याने आपल्या मुद्रेत ‘विष्णुदास’ जोडले: विष्णुदास नामा. आधीच्या थोर नामदेवाचा मान राखत त्याने आपली वेगळी ओळख लिहून ठेवली. तरीही नकलाकारांनी आणि पाठांतराने दोघांच्या रचना गाथेत मिसळल्या, आणि त्या वेगळ्या करण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. अहंकार सोडला होता, जबाबदारी सोडली नव्हती. मुद्रा म्हणजे कीर्तीची मागणी नसून आपल्या शब्दाची जामीनकी आहे.

दुसरा धोकाही सांगायला हवा, नाहीतर हा विचार एकांगी होईल. दोघांना एक करणे जशी चूक, तशी एकाला दोन करणेही चूक. अल् बीरूनीला आर्यभट दोन वाटले होते, थोरला आर्यभट आणि कुसुमपूरचा आर्यभट. त्याने जी वचने दोघांची म्हणून वेगळी केली, ती एकाच आर्यभटाची आहेत असे पुढे दिसून आले. गंमत म्हणजे दुसरा आर्यभट खरोखर होता, ‘महासिद्धान्ता’चा कर्ता, पण तो वेगळाच. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने ‘सुधारक’ पत्रातून मांडले, की ‘ज्ञानेश्वरी’ लिहिणारा ज्ञानदेव आणि अभंग लिहिणारा ज्ञानदेव वेगळे. या मताने मोठे वादळ उठले. ते मत पुढे टिकले नाही, पण त्याला उत्तर देताना पोथ्या, भाषा आणि काळ यांचा जो बारकाईने विचार झाला, तो मराठीच्या फायद्याचाच होता. एक की दोन, हा प्रश्न श्रद्धेने किंवा हट्टाने सुटत नाही. तो पुराव्याने सुटतो, आणि पुरावा मिळेपर्यंत प्रश्न उघडा ठेवावा लागतो.

आता बहिणाबाई. पहिल्या बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या, १६२८ ते १७०० असे त्यांचे आयुष्य. त्यांची समाधी वैजापूर तालुक्यात शिऊरला आहे. ब्राह्मण घरातली स्त्री कुणबी तुकारामाला गुरू करते, त्यावरून नवऱ्याकडून मार खाते, आणि हे सारे अभंगात सांगते. मराठीत स्त्रीने स्वतःचे आयुष्य इतक्या उघडपणे क्वचितच मांडले असेल. दुसऱ्या बहिणाबाई १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात महाजनांच्या घरी जन्मल्या आणि चौधरींच्या घरी नांदल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरोट्यावर त्या लेवा गणबोलीत ओव्या रचत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे आप्त त्या टिपून ठेवत. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. त्या मुलाचे नावही पाहा: ज्ञानेश्वरांच्या धाकट्या भावाचे. मुक्ताईच्या नदीकाठी घरोघर त्या चार भावंडांची नावे ठेवली जातात.

या दोघींची गल्लत पत्रकांत, भाषणांत, संमेलनांच्या फलकांवर मी अनेकदा पाहिली आहे. संत बहिणाबाईंचा अभंग कवयित्री बहिणाबाईंच्या चित्राखाली छापला जातो. त्याने दोघींचेही नुकसान होते. एकीचा संघर्ष गुरू निवडण्याच्या हक्काचा होता, दुसरीचे तत्त्वज्ञान पेरणी, मळणी आणि माहेरच्या वाटेतून आलेले. दोघींना एक केले की उरते ती कोणतीच नसलेली एक सोज्वळ बाई. म्हणून २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असे लांब नाव मिळाले, तेव्हा काहींना ते अवजड वाटले. मला त्यातला प्रत्येक शब्द आवश्यक वाटतो. ‘कवयित्री’ आणि ‘चौधरी’ हे दोन शब्द शिऊरच्या संत बहिणाबाईंनाही त्यांची जागा ठेवून देतात. लोक बोलताना नाव लहान करतील, ते साहजिक आहे. पण विद्यापीठाच्या कागदावर ते पूर्णच राहिले पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड आहे, हेही इथे लक्षात येते. पुरुषाच्या नावामागे बाप जन्मभर चालतो. बाईच्या नावामागचा माणूस लग्नात बदलतो, गाव बदलते, कधी तिचे नावही बदलते. आसोद्याच्या महाजनांची लेक शोधायला गेलात तर कागदावर चौधरी सापडतात. जुन्या दस्तांत कितीतरी बायका ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर संपतात. सारख्या नावाच्या दोन बायका वेगळ्या करणे हे म्हणूनच इतिहासकाराचे सर्वात कठीण आणि सर्वात निकडीचे काम आहे.

जळगावहून धुळ्याला आलो तरी हा प्रश्न पाठ सोडत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि त्यांच्या स्मृतीसाठी १९२७ साली इथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे संस्कृतचे प्रकांड पंडित, यास्काच्या निरुक्तावर आयुष्य वेचणारे. मराठीत एक ‘वि. का.’, दुसरे ‘वै. का.’, एका स्वरचिन्हाचा फरक आहे आणि तो पुरतो. इंग्रजी आद्याक्षरांत मात्र दोघेही एकसारखे होतात, आणि ग्रंथसूचीत एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या खात्यात जाते. आपली लिपी जे जपते ते परक्या आद्याक्षरांच्या सवयीने आपण घालवतो. विश्वनाथ राजवाड्यांना स्वतःला नावांचे केवढे वेड होते! त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेला ‘नामादि शब्दव्युत्पत्तिकोश’ हे त्याचे फळ. आणि वैजनाथांचे निरुक्त म्हणजे शब्दांच्या मुळाचेच शास्त्र. नावांचा उगम शोधण्यात दोन्ही भाऊ रमले, आणि त्यांचीच नावे सूचीत एकमेकांवर चढली.

धुळ्याचेच दुसरे उदाहरण शंकरराव देवांचे. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव, ज्यांना धुळे नानासाहेब देव म्हणून ओळखते, त्यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली, गावोगावच्या मठांतून रामदासी वाङ्मय गोळा केले आणि समर्थ वाग्देवता मंदिराच्या रूपाने ते जपले. दुसरे शंकर दत्तात्रय देव, स्वातंत्र्यलढ्यातले काँग्रेसनेते आणि संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष. एकाने पोथ्या वाचवल्या, दुसऱ्याने राज्याचा प्रश्न लढवला. ‘शंकरराव देव’ एवढेच लिहिले की नानासाहेबांचे काम राजकारणाच्या धुरळ्यात हरवते. मधले नाव लिहायला दोन सेकंद लागतात. ती दोन सेकंदे एका माणसाच्या साठ वर्षांच्या श्रमाची किंमत आहे.

हा केवळ पोथ्यांचा प्रश्न असता तर मी इतक्या तळमळीने लिहिले नसते. तो मतपेटीचाही आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये जय-पराजयाचे अंतर २,११० मतांचे होते, आणि पराभूत उमेदवाराच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराने नऊ हजारांहून अधिक मते घेतली. पुढच्या वर्षी निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवारांची छायाचित्रे लावण्याचा नियम आणला. अथेन्सच्या लोकांनी हेच जुन्या काळी केले होते. कोणाला हद्दपार करायचे, ते खापरीवर नाव कोरून सांगत, आणि त्या खापऱ्यांवर बऱ्याचदा बापाचे नावही कोरलेले सापडते. इतिहासकार थुसिडिडीस ओलोरसचा, आणि हद्दपार झालेला राजकारणी थुसिडिडीस मेलेसियसचा. शिक्षा चुकीच्या माणसाला होऊ नये एवढी काळजी त्या खापरीने घेतली.

आणि आता यंत्रे आली आहेत. आपण नाव टंकतो, क्षणात उत्तर येते. यंत्र ज्याच्याविषयी जास्त लिहिलेले असते त्याच्याकडे झुकते, आणि त्याच्याच चरित्रात दुसऱ्याच्या दोन ओळी बेमालूम मिसळून देते. जे नकलाकाराला शतके लागायची ते आता एका बोटाच्या दाबात होते. मराठीत लिहिलेला मजकूर आधीच थोडा. त्यात आपणच अर्धवट नावे लिहीत राहिलो, तर लहान चांगदेव आणि लहान भास्कर कायमचे बुडतील.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्या परंपरेतच आहे. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या चरित्रकोशात एकाच नावाखाली आकडे घालून व्यक्ती वेगळ्या केलेल्या दिसतात. डेमेट्रियसचेच काम एका माणसाने मराठीत केले. खान्देशने ते आपल्यापुरते पुढे न्यावे. जळगावच्या विद्यापीठाने आणि धुळ्याच्या राजवाडे मंडळाने मिळून खान्देशातल्या समनाम व्यक्तींची सूची करावी: किती चांगदेव, किती भास्कर, किती बहिणाबाई, प्रत्येकाचा बाप, आई, गाव, काळ. शाळेच्या पुस्तकात थोर माणसाचे नाव पहिल्यांदा येते तिथे ते पूर्ण यावे. चौकाचौकातल्या फलकांवर नावाखाली जन्म-मृत्यूची वर्षे असावीत. ही कामे खर्चाची नाहीत. फक्त थांबून विचारण्याची आहेत.

आणि थांबून विचारणे ही तर आपली सवयच आहे. धुळ्याच्या बाजूला एखाद्या गावात शिरा. पारावरचा म्हातारा तुमचे नाव ऐकून समाधान मानत नाही. तो विचारतो, “तू कोना पोऱ्या शे?” एकाच गल्लीत चार पाटील आणि त्यातले दोन एकाच नावाचे, हे त्याला माहीत असते. म्हणून बापाचे नाव, मग आजोबाचे, मग मामाचे गाव, असे करत तो तुम्हाला बरोबर तुमच्या जागी नेऊन बसवतो. त्याच्यापुढे दोन माणसे एकमेकांत मिसळत नाहीत. शहरातल्या लोकांना हा भोचकपणा वाटतो. मला तो माणसाला दिलेला मान वाटतो, कारण त्या प्रश्नामागे एक ठाम समजूत आहे: तुझ्या नावाचे दुसरे असतील, पण तू दुसरा नाहीस.

पाटणच्या शिलालेखाने आठशे वर्षांपूर्वी याच प्रश्नाचे उत्तर दिले. त्रिविक्रमाचा भास्करभट्ट, महेश्वराचा भास्कर, लक्ष्मीधराचा चांगदेव. तो मठ आज नाही, ते विद्यार्थी नाहीत. पण पारावरच्या म्हाताऱ्याने तिथे जाऊन विचारले, की हा कोणता चांगदेव, तर तो दगड अजून सांगेल.